तासांवर मिळालेला किनारा

(सिल्व्हर पार्क, मीरा रोड येथील स्मृती व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



ऑगस्ट २०१५ मध्ये मुंबईच्या मढ आणि आक्साच्या किनाऱ्यावरच्या हॉटेलांत आणि लॉजमध्ये मालवणी पोलीस शिरले. खोल्यांची दारं वाजवली आणि चाळीसच्या आसपास जोडप्यांना गाडीत घालून ठाण्यात नेलं. लावलेलं कलम होतं मुंबई पोलीस कायद्याचं ११०, म्हणजे सार्वजनिक ठिकाणी असभ्य वर्तन. ओळखपत्र दाखवून, पैसे मोजून, आतून कडी लावून घेतलेली खोली सार्वजनिक कशी, असं वर्तमानपत्रांनी विचारलं. पोलीस आयुक्तांनी चौकशी लावली. तोवर बाराशे रुपयांचे दंड वसूल झाले होते आणि काहींच्या घरी फोनही गेले होते.

ही सगळी स्त्री-पुरुषांची जोडपी होती. सज्ञान होती, कायद्याने त्यांचा काहीही गुन्हा नव्हता. त्या वर्षी दोन पुरुषांच्या बाबतीत मात्र कायद्याने गुन्हा होता. तेव्हा आक्साच्या किनाऱ्यावर दोन पुरुषांनी किंवा दोन बायकांनी एका दिवसासाठी खोली मागितली असती, तर त्यांच्या वाट्याला काय आलं असतं याचा अंदाज ज्याने त्याने करावा.

आजचा विषय आहे समलिंगी माणसांचं समुद्रकाठचं गाव. जगात अशी गावं आहेत. त्यांना इतिहास आहे, नाट्यगृहं आहेत, स्मशानं आहेत. महाराष्ट्राला सातशे किलोमीटरहून लांब किनारा आहे, आणि त्यावर असं एकही गाव नाही. ते का झालं नाही, आणि त्याच्या जागी या किनाऱ्यावर काय झालं, हे बघण्यासारखं आहे. त्यातून समुद्रापेक्षा घरांविषयीच जास्त कळतं.

आधी जिथे गाव झालं तिथे जाऊ. न्यूयॉर्कजवळ लाँग आयलंडच्या दक्षिणेला फायर आयलंड नावाची वाळूची लांबलचक, चिंचोळी पट्टी आहे. तिच्यावर चेरी ग्रोव्ह ही वस्ती. सेव्हिल गावाहून बोटीने जायचं. मोटारी नाहीत, लाकडी फळ्यांच्या पायवाटा. सप्टेंबर १९३८ मध्ये इथे प्रचंड चक्रीवादळ आलं आणि बरीच घरं समुद्रात गेली. आधीच्या कुटुंबांपैकी अनेकांना पुन्हा बांधायचा उत्साह राहिला नाही. उरलेल्या जागा स्वस्तात भाड्याने मिळू लागल्या आणि त्या घेतल्या न्यूयॉर्कच्या नाटकवाल्यांनी. त्यांच्यात समलिंगी स्त्री-पुरुष पुष्कळ होते. कवी डब्ल्यू. एच. ऑडन, लेखक ख्रिस्तोफर इशरवुड ही मंडळी १९४० च्या दशकात तिथे येऊन गेली. मानववंशशास्त्रज्ञ एस्थर न्यूटन यांनी या गावावर १९९३ साली जाडजूड पुस्तक लिहिलं. त्यात पार्ट्यांइतकंच भाडं, पाणी, बोटीचं वेळापत्रक, घरमालक मंडळाची भांडणं यांबद्दल आहे, आणि पुस्तकाची गंमत तिथेच आहे. चेरी ग्रोव्हच्या समाजगृहात हौशी नाटकं होत. ती इमारत २०१३ साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वास्तूंच्या राष्ट्रीय यादीत गेली.

गाव झालं म्हणून पोलीस थांबले नाहीत. झाडीत धाडी पडत, धरलेल्या पुरुषांना बोटीतून पलीकडे नेत, नावं स्थानिक वर्तमानपत्रांत छापून येत. नाव छापून आलं की नोकरी गेली. त्यामुळे जो तो गुन्हा कबूल करून, दंड भरून मोकळा होई. १९६८ सालच्या धरपकडीनंतर न्यूयॉर्कच्या मॅटाशीन सोसायटी या समलिंगी हक्कांच्या संघटनेने वकील दिला. आरोपींनी गुन्हा कबूल करायचं नाकारलं, खटले उभे राहिले आणि माणसं सुटली. त्यानंतर धाडींचा जोर ओसरला. न्यूयॉर्कच्या समलिंगी बारवर धाड पडल्यावर उसळलेला स्टोनवॉलचा प्रसिद्ध दंगा याच्या पुढच्या वर्षीचा.

शेजारी पाइन्स नावाची दुसरी वसाहत १९५० च्या दशकात उभी राहिली. जास्त श्रीमंत, जास्त नीटनेटकी. १९७६ साली पाइन्समधल्या एका हॉटेलात चेरी ग्रोव्हच्या एका कलावंताला साडी-चोळीच्या तिकडच्या अवतारात, म्हणजे बाईच्या वेशात, आल्याबद्दल वाढायला नकार मिळाला. नकार देणारेही समलिंगीच. त्यावर ४ जुलैला, देशाच्या द्विशताब्दीच्या दिवशी, चेरी ग्रोव्हची नटलेली टोळी बोट करून पाइन्सच्या धक्क्यावर उतरली. ही ‘स्वारी’ आता दरवर्षी निघते आणि पाइन्सवाले टाळ्या वाजवायला धक्क्यावर जमतात. चार घरं ताब्यात आली की माणसं आपल्यातलाच खालचा थर शोधू लागतात, याचा हा नमुना आहे. पुढे मुंबईत त्याची आठवण येईल.

दुसरं गाव मॅसॅच्युसेट्समधलं प्रॉव्हिन्सटाउन, केप कॉडच्या अगदी टोकाला. १६२० साली मेफ्लॉवर जहाजाने पहिला नांगर टाकला तो इथे. पुढे अझोर्स बेटांवरून आलेल्या पोर्तुगीज कोळ्यांनी हे गाव भरलं. १८९९ साली चार्ल्स हॉथॉर्न यांनी चित्रकलेची शाळा काढली, १९१६ साली यूजीन ओ’नीलचं पहिलं नाटक इथल्या धक्क्यावरच्या लाकडी शेडमध्ये झालं. चित्रकार, नट, लेखक उन्हाळ्यात येत आणि मासेमारीत ओढगस्त आली की कोळणी त्यांना वरच्या खोल्या भाड्याने देत. कोण कोणाबरोबर राहतो याची चौकशी करणं त्यांना परवडणारं नव्हतं. त्या कॅथलिक बायांच्या व्यवहारी कानाडोळ्यातून ते गाव घडलं. २०१० च्या जनगणनेत घरांच्या प्रमाणात समलिंगी जोडपी सर्वाधिक असलेलं गाव म्हणून प्रॉव्हिन्सटाउनची नोंद झाली. मात्र आज तिथली घरं इतकी महाग झाली आहेत की त्याच कोळ्यांच्या नातवंडांना गावात राहणं जड जातं.

पोर्तुगीज कोळी, कॅथलिक गाव, वरची रिकामी खोली. हे वर्णन मीरा-भाईंदरकरांना परकं वाटू नये. भाईंदर पश्चिमेहून बस धरली की राई, मुर्धे, मोर्वा मागे टाकत उत्तन येतं. पुढे गोराई, मनोरी. इथेही पोर्तुगीज होते, चिमाजी अप्पांच्या १७३९ च्या वसई मोहिमेपर्यंत. चर्च आहे, बोटी आहेत, वाळत घातलेले बोंबील आहेत. मार्व्याहून मनोरीला आणि बोरिवलीहून गोराईला तर चालत्या होड्याही आहेत. भूगोल पाहिला तर चेरी ग्रोव्हला लागणारं सगळं हजर आहे.

मग अडलं कुठे? कायद्यावर, असं झटकन सांगता येतं. भारतीय दंड संहितेचं कलम ३७७, संमत १८६०, अंमल १८६२ पासून, शिक्षा जन्मठेपेपर्यंत. पण कायदा न्यूयॉर्कलाही होता. तिथल्या माणसांकडे दोन गोष्टी होत्या, ज्या इथल्या माणसांकडे नव्हत्या: घरच्यांपासून वेगळी राहती खोली, आणि शनिवार-रविवारची जोडसुट्टी. गिरणीत, गोदीत, कचेरीत काम करणारा, चाळीतल्या दहा बाय बाराच्या खोलीत सहा माणसांत झोपणारा मुंबईकर उन्हाळ्याचे तीन महिने किनाऱ्यावर घर घेणार कुठून? ज्यांच्याकडे पैसे होते त्यांचे जुहूला बंगले होते, पण बंगल्यावर वडिलांचं नाव होतं.

कोकण किनाऱ्याचं पर्यटन उभं राहिलं तेही कुटुंबाला धरून. अलिबाग, काशिद, मुरुड, दिवेआगर, गणपतीपुळे: उकडीचे मोदक, सोलकढी, घरगुती राहण्याची सोय. मालकीणबाई प्रेमाने वाढतात आणि वाढता वाढता नातंही विचारतात. ‘फक्त फॅमिलीसाठी’ ही पाटी तिथल्या फाटकावर जितकी सहज लागते तितकीच मीरा रोडच्या एजंटच्या तोंडी येते. त्या पाटीत द्वेष असतोच असं नाही. बहुतेक वेळा पोलीस आणि शेजारी यांची धास्ती असते. परिणाम तोच.

तेव्हा गाव झालं नाही. झाला तो तासांवर मिळालेला किनारा.

मुंबईच्या समुद्राला लागून असलेल्या जागा अंधार पडल्यावर काही तासांपुरत्या दुसऱ्याच माणसांच्या होत. अपोलो बंदरचा कठडा, गेटवेपासून रेडिओ क्लबच्या दिशेने जाणारा, जाणत्यांच्या बोलण्यात नुसता ‘वॉल’. चौपाटीचा काही भाग. समुद्रापासून आत आलं तर किंग्ज सर्कलचं महेश्वरी उद्यान, स्थानकांवरच्या मुताऱ्या आणि लोकलचा विशिष्ट डबा. शहराने माणसाला खोली दिली नाही, पण गर्दी दिली. गर्दीत खांदा लागला तर कोणी वळून बघत नाही, हे विरार फास्टने रोज जाणाऱ्याला सांगायला नको. इंग्रजीतून लिहिणाऱ्या पुण्याच्या आर. राज राव यांची ‘द बॉयफ्रेंड’ ही कादंबरी २००३ साली आली. ती सुरू होते चर्चगेट स्थानकाच्या मुतारीत, आणि तिच्यातला तरुण नायक दलित आहे. ही निवड फार अचूक आहे. कुलाब्याच्या उच्चभ्रू बैठकीत जे दोघे कधी भेटले नसते ते मुतारीत भेटतात. आणि मग जात, भाडं, नोकरी, लग्न यांच्याशी त्यांची गाठ पडते, जशी सगळ्यांची पडते.

या जागांचं गुणगान करायची आता पद्धत पडली आहे. ती थोडी आवरलेली बरी. त्या कठड्यावर साध्या वेशातले पोलीस येत, घड्याळ आणि पाकीट काढून घेत, ‘घरी सांगू का’ एवढ्या तीन शब्दांवर महिनोन्‌महिने हप्ता चाले. कलम ३७७ खाली शिक्षा झालेल्यांपेक्षा त्या कलमाच्या नावाने लुबाडले गेलेले कितीतरी जास्त. आणि बायकांना तर हा अंधारही उपलब्ध नव्हता. रात्री दहानंतर कठड्यावर बसलेल्या एकट्या बाईकडे शहर एकाच नजरेने बघतं. म्हणून समलिंगी बायकांचा इतिहास किनाऱ्यावर सापडत नाही. तो घरांत, वसतिगृहांत, महिला संघटनांच्या बैठकांत सापडतो. मुंबईत १९९५ साली ‘स्त्री संगम’ हा गट सुरू झाला, पुढे त्याचं नाव ‘लेबिया’ झालं. १९९८ च्या डिसेंबरात दीपा मेहतांच्या, दोन बायकांच्या प्रेमावरच्या ‘फायर’ चित्रपटावरून गोरेगावच्या चित्रपटगृहात तोडफोड झाली, तेव्हा या बायकांना पहिल्यांदा उघड रस्त्यावर यावं लागलं. तोडफोड करणाऱ्यांतही बायकाच पुढे होत्या.

शनिवारची रात्र मात्र काहींच्या हक्काची झाली. कुलाब्यात आर्थर बंदर रोडवर, समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, ‘वूडू’ नावाचा पब होता. १९७० च्या दशकात त्याच जागेत ‘स्लिप डिस्क’ होतं. १९७२ साली लेड झेपलिनचे जिमी पेज आणि रॉबर्ट प्लँट तिथे येऊन वाजवून-गाऊन गेले. १९९० च्या दशकात वूडूत शनिवारी रात्री पुरुष पुरुषांबरोबर नाचू लागले. जागा कळकट, पंखे आवाज करणारे, बीअर कोमट. पण आठवड्यातून एकदा, प्रवेशशुल्क भरून, काही तासांसाठी नाव न सांगता नाचता येत होतं. अंधेरीचा कारकून, उल्हासनगरचा दुकानदार आणि ताजमध्ये उतरलेला परदेशी पाहुणा एकाच चौकटीत दिसण्याची ती जागा. शेवटच्या लोकलच्या सुमारास अर्धी गर्दी घड्याळ बघू लागे. चेरी ग्रोव्हमध्ये बोटीचं जे महत्त्व, ते इथे रात्री एकच्या गाडीचं.

याच सुमारास या माणसांना स्वतःचा छापील कागद आणि पत्ता मिळाला. पत्रकार अशोक राव कवी यांनी १९८६ साली ‘सॅव्ही’ मासिकाला मुलाखत देऊन आपण समलिंगी असल्याचं नावानिशी सांगितलं. १९९० साली त्यांनी सहकाऱ्यांसोबत ‘बॉम्बे दोस्त’ हे नियतकालिक काढलं आणि १९९४ साली ‘हमसफर ट्रस्ट’ नोंदवला गेला. हमसफरचं कार्यालय मिळालं वाकोल्याला, महापालिकेच्या जुन्या इमारतीत. ही गोष्ट बारकाईने बघावी. ज्या काळात पोलीस खातं ३७७ दाखवून माणसं पिळत होतं, त्याच काळात आरोग्य खात्याला एचआयव्हीमुळे त्याच माणसांशी बोलणं भाग होतं. सरकारी व्यवस्थेचा एक हात कॉलर धरतोय आणि दुसरा जिन्याची किल्ली देतोय. अमेरिकेत एड्सच्या साथीने फायर आयलंड आणि प्रॉव्हिन्सटाउनची घरंच्या घरं रिकामी केली. मुंबईत त्याच साथीमुळे समलिंगी माणसांना पहिला कायमचा पत्ता मिळाला. दुर्दैवाची ही तऱ्हा कोणत्याही कादंबरीकाराला सुचली नसती.

१९९६ साली रियाद वाडिया यांनी राज राव यांच्या कवितांवर ‘बॉमगे’ हा जेमतेम बारा मिनिटांचा लघुपट केला. राहुल बोस त्यात होते. रियाद म्हणजे ‘हंटरवाली’ काढणाऱ्या वाडिया मूव्हीटोनच्या जे. बी. एच. वाडियांचा नातू. लघुपट सेन्सॉरकडे पाठवण्याच्या भानगडीत कोणी पडलं नाही. तो घराघरांतून, मित्रामित्रांत दाखवला गेला. श्रीधर रंगायन यांचा ‘कशिश’ चित्रपट महोत्सव २०१० पासून सुरू झाला आणि काही वर्षांनी मरीन लाइन्सच्या लिबर्टीत भरू लागला, ही पुढची पायरी. बारा मिनिटांच्या चोरट्या खेळापासून लिबर्टीच्या पडद्यापर्यंत पंधराहून जास्त वर्षं लागली.

हे सगळं इंग्रजीत चाललं होतं, मराठीचं काय, असा आक्षेप नेहमी येतो. आक्षेप अर्धाच खरा आहे. र. धों. कर्व्यांच्या ‘समाजस्वास्थ्य’मध्ये (१९२७ ते १९५३) वाचक समलिंगी संबंधांविषयी प्रश्न विचारत आणि कर्वे त्यांना शांतपणे उत्तरं देत. अशाच प्रश्नोत्तरांवरून त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला झाला आणि १९३४ साली त्यांची बाजू मांडायला डॉ. बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. खटल्यात हार झाली, कर्व्यांना दंड झाला. विजय तेंडुलकरांचं ‘मित्राची गोष्ट’ १९८१ साली रंगभूमीवर आलं, त्यातल्या मित्रा या समलिंगी नायिकेची भूमिका रोहिणी हट्टंगडींची. चेतन दातारांनी ‘एक, माधवबाग’ या नाटकात मुलाबद्दल कळलेल्या आईला बोलतं केलं. पुण्यात बिंदुमाधव खिरे यांनी २००२ साली ‘समपथिक ट्रस्ट’ काढला, ‘पार्टनर’ ही कादंबरी लिहिली आणि लैंगिकतेवर साध्या मराठीत पुस्तकं केली. डॉक्टर, शिक्षक, पालक यांच्या हाती देता येतील अशी.

या सगळ्यांत आजच्या विषयाला सर्वांत जवळची कृती सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ (२००६) ही कादंबरी. तिची कथा उभी आहे भाड्याने दिलेल्या वरच्या खोलीवर. एका मध्यमवर्गीय मराठी घरात भाडेकरू येतो आणि घरातला मुलगा व मुलगी दोघंही त्याच्या प्रेमात पडतात. प्रॉव्हिन्सटाउनच्या कोळणींची तीच खोली! फरक इतकाच की इथे जिन्याखाली आई-वडील राहतात. २०२२ साली कुंडलकरांनीच चित्रपट केला तेव्हा कथा पुण्याहून फोर्ट कोचीला नेली. समुद्र आला, रंग आले. घर मात्र तेच राहिलं, आणि ते तसंच राहणार होतं.

किनारा दिवसाउजेडी मिळाला तो १६ ऑगस्ट २००८ रोजी. ‘क्वीअर आझादी’ मोर्चा ऑगस्ट क्रांती मैदानातून निघाला आणि गिरगाव चौपाटीला पोचला. ३७७ कलम दिल्याबद्दल ब्रिटिशांनी माफी मागावी, अशी मागणी त्यात होती. ठिकाण आणि तारीख पाहता ती शोभून दिसली. काहींनी मुखवटे घातले होते, कारण सोमवारी कामावर जायचं होतं. ज्या वाळूत १९२० साली टिळकांवर अग्निसंस्कार झाले, जिथे दर अनंत चतुर्दशीला अख्खं शहर उतरतं, तिथे ही मंडळी ढोलांच्या तालावर गेली. रात्री जाणाऱ्या कितीतरी पायांना चौपाटीची ती वाट आधीच ठाऊक होती.

त्यानंतर न्यायालयांच्या तारखा भराभर आल्या. २ जुलै २००९ ला दिल्ली उच्च न्यायालयाने सज्ञानांचे खासगी संबंध ३७७ मधून वगळले. ११ डिसेंबर २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल उलटवला. एप्रिल २०१४ मध्ये तृतीयपंथीयांना स्वतंत्र ओळख मिळाली, ऑगस्ट २०१७ मध्ये खासगीपणा मूलभूत हक्क ठरला आणि ६ सप्टेंबर २०१८ ला ३७७ चा तो भाग गेला. १७ ऑक्टोबर २०२३ ला विवाहाचा हक्क मात्र नाकारला गेला.

गोव्याबद्दल बोलल्याशिवाय हा विषय पुरा होत नाही. किनाऱ्यावरचं मोकळं गाव म्हटलं की मराठी माणसाचं बोट आपोआप तिकडे वळतं. १९६० च्या दशकात हिप्पी हणजूण-बागा भागात आले तेव्हा त्यांना खोल्या दिल्या माडी काढणाऱ्या रेंदेर आणि मासेमार खारवी कुटुंबांनी. नाचणाऱ्या परदेशी माणसांकडे शेजाऱ्यांनी जो कानाडोळा केला त्याचा फायदा पुढे समलिंगी प्रवाशांनाही झाला. पण गोव्यातलं सर्वांत ठळक उदाहरण किनाऱ्यावरचं नाही, शापोरा नदीकाठच्या कोलवाळचं आहे. वेशभूषाकार वेंडेल रॉड्रिक्स माहीमला वाढले, १९९३ साली गोव्यात परतले आणि कोलवाळच्या जुन्या घरात जेरोम मारेल यांच्यासोबत राहिले. डिसेंबर २००२ मध्ये दोघांनी गोव्यातच फ्रेंच कायद्याखाली भागीदारी नोंदवली. भारताच्या लेखी ते तेव्हा गुन्हेगार ठरू शकत होते. रॉड्रिक्स यांनी कुणबी साडीचं विणकाम पुन्हा उभं केलं, गोव्याच्या वेशभूषेचा इतिहास लिहिला, २०१४ साली पद्मश्री मिळवली. १२ फेब्रुवारी २०२० ला ते गेले. गावाने त्यांना आपलं मानलं त्यात त्यांच्या कीर्तीचा वाटा होता. कीर्ती नसलेल्याला कोलवाळ कसं वागवेल हा वेगळा प्रश्न.

त्याच गोव्यात जानेवारी २०१५ मध्ये एका मंत्र्याने समलिंगी तरुणांना ‘नॉर्मल’ करण्यासाठी केंद्रं काढू, असं सांगितलं. गदारोळ झाल्यावर आपल्या बोलण्याचा विपर्यास झाला, असा खुलासा आला. पर्यटकाला मिळणारी मोकळीक आणि गावच्या पोराला मिळणारी मोकळीक यांत किती अंतर असतं ते त्या दोन दिवसांत दिसलं. तरी ओढ तिकडेच. २०२१ च्या डिसेंबरअखेर नागपुरात दोन डॉक्टर तरुणींनी नातेवाइकांसमक्ष अंगठ्या बदलल्या आणि लग्न गोव्यात करू म्हणाल्या. अंगठी नागपुरात झाली, कुटुंबासमोर झाली, हीच त्या बातमीतली मोठी गोष्ट होती. गोवा तर कोणीही म्हणतो.

पुन्हा इकडच्या किनाऱ्यावर येऊ. मालवणी, जिथल्या पोलिसांच्या धाडीने सुरुवात केली, तिथेच गौरी सावंत यांच्या ‘सखी चार चौघी’ या संस्थेने तृतीयपंथीयांसाठी आरोग्याचं काम उभं केलं. २०१४ च्या निकालामागच्या लढ्यात त्या होत्या. आक्साला शनिवारी गाडी काढून जाणारा इंग्रजी बोलणारा गे पुरुष आणि मालवणीच्या सिग्नलवर टाळी वाजवणारी तृतीयपंथी यांच्यात एकाच रस्त्याचं अंतर आहे, आणि ते अंतर पाइन्सच्या धक्क्याहून कमी नाही. मोर्चाच्या दिवशी ते मिटतं. मोर्चा वर्षातून एकदा असतो.

आणि उत्तन-गोराई-मनोरी? तिथे पर्यटनाच्या विशेष आर्थिक क्षेत्राची योजना आली तेव्हा गावकऱ्यांनी ती अडवायला कंबर कसली. त्यांचं म्हणणं समजण्यासारखं होतं: बोट लावायची जागा आणि मासळी वाळवायचे ओटे गेले तर हॉटेलात वेटर होण्यापलीकडे काय उरतं? प्रॉव्हिन्सटाउनच्या कोळ्यांच्या नातवंडांनी त्यांना दुजोराच दिला असता. ‘इथे एक मोकळं किनारी गाव वसवू’ असं स्वप्न कोणा समलिंगी गटाने पाहिलं, तर आधी या ओट्यांचा हिशेब द्यावा लागेल. म्हणून ते गाव झालं नाही याची फार हळहळ वाटून घेण्याचं कारण नाही. इथला समाज बेटावर गेला नाही. तो त्याच लोकलमध्ये, त्याच जिन्यात, त्याच वडापावच्या गाडीवर राहिला. त्याची किंमत त्याने वेळेत आणि खोट्या नात्यांत मोजली. दोन पुरुष चुलतभाऊ म्हणून राहतात, दोन बायका ऑफिसातल्या मैत्रिणी म्हणून.

मीरा रोडला माणसं येतात ती भाडं परवडतं म्हणून. अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार, पोलिसांकडे भाडेकरूची नोंद, सोसायटीची परवानगी, आणि एजंटचा पहिला प्रश्न: फॅमिली की बॅचलर? दर अकरा महिन्यांनी तोच. त्यात किंचित फरक पडायला सुरुवात झाली आहे. ऑगस्ट २०२४ मध्ये केंद्रीय अर्थखात्याने स्पष्ट केलं की समलिंगी जोडीदारांना बँकेत संयुक्त खातं उघडायला आणि एकमेकांचं नाव नामनिर्देशनात घालायला आडकाठी नाही. शिधापत्रिकेसाठीही अशा जोडप्याला एकच कुटुंब धरावं, अशी सूचना राज्यांना गेली.

फ्लॅट विकत घेतलेल्यांची अडचण आणखी पुढची. महाराष्ट्राच्या सहकारी संस्था कायद्यात २०१९ साली झालेल्या दुरुस्तीनुसार, सभासद वारला की नामनिर्देशित व्यक्ती ‘तात्पुरती सभासद’ होते. कायदेशीर वारस ठरेपर्यंतच. समलिंगी जोडीदार वारसांच्या यादीत नाही. वीस वर्षं एका घरात राहिल्यावरही उरलेल्या जोडीदाराला भावंडं किंवा पुतणे येऊन जिना दाखवू शकतात. त्यामुळे वकील आता अशा जोडप्यांना सर्वांत आधी मृत्युपत्र करायला सांगतात. त्याला दोन साक्षीदारांच्या सह्या लागतात. नोंदणी सक्तीची नाही, पण करून ठेवलेली बरी.